कडीला बांधलेलं पिवळं कापड

९ सप्टेंबर

आज शाळा पुन्हा शाळा झाली. शेवटचं कुटुंब दुपारी साडेतीनला गेलं आणि मामांनी, म्हणजे आमच्या शिपायांनी, फाटक लावून घेतलं. तीन दिवस, दोनशे चौदा माणसं आणि सहा संडास. त्यातले दोन दुसऱ्याच दिवशी तुंबले. वादळ आलं की शाळेचा निवारा होतो आणि मुख्याध्यापिकेची निवाराप्रमुख. तहसील कचेरीतल्या साहेबांच्या हुकमाप्रमाणे रोजची नोंदवही मी ठेवलीच आहे. तीत ‘परिस्थिती नियंत्रणात’ असं अकरा वेळा लिहिलंय. ही वही वेगळी. इथे मी फक्त पाय सुजलेली अठ्ठावन्न वर्षांची बाई आहे.

वादळ तसं मध्यम होतं. हवामान खात्याने त्याला एक गोड नाव ठेवलं होतं. आम्ही त्याला तीन दिवस नावं ठेवली.

ताई आणि भाऊजी तिसरीच्या वर्गात होते. आजारी माणसांसाठी तोच वर्ग ठेवलाय, दारापासून जवळ. भाऊजींना अर्धांगवायू होऊन चार वर्षं झाली. उजवी बाजू हलत नाही आणि बोलणंही जवळजवळ गेलंय. ताईने पहिल्याच दिवशी विचारलं, “धाकटे, तुझ्या ऑफिसात टाकू का यांना? दार आहे, कडी आहे. कोपऱ्यात पडून राहतील.” मी नाही म्हटलं. ऑफिसात पन्नास वर्षांची रजिस्टरं आहेत. आणि उद्या लोक म्हणतील, बाईंनी बहिणीला वेगळी खोली दिली. नियम सगळ्यांना सारखा पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजींना आवरलं नाही. चाळीस माणसं वर्गात. ताई चादरीचा आडोसा करत होती, पण एका हाताने चादर धरायची आणि एका हाताने पुसायचं, ते काही जमेना. लोकांनी नाकाला पदर लावले. एका बाईने सरळ पोरं उचलली आणि बाहेर गेली. मी लगेच फिनेल आणलं, दारात उभं राहून मामांना सांगितलं की पेशंटच्या आजूबाजूची फरशी आधी घ्या. दहा मिनिटांत वर्ग चकाचक. असा प्रसंग आला की डोकं थंड ठेवायला लागतं.

आज वारा पुरता पडलाही नव्हता तर ताई भाऊजींना चाकांच्या खुर्चीत घालून निघालीसुद्धा. मला न सांगता. घराची काळजी लागली असणार.

११ सप्टेंबर

संडास मोकळे झाले. दिवसभरात याहून सांगण्यासारखं काही नाही.

१६ सप्टेंबर

आज एक गोष्ट सुचली आणि बऱ्याच दिवसांनी स्वतःचं कौतुक वाटलं.

आपल्याकडे खालच्या गल्लीत साठ घरं, खाडीला लागून. ताईचं त्यातलंच एक. स्वयंसेवक चार. भोंगा वाजला की त्यांनी प्रत्येक दार ठोकायचं, आत शिरून बघायचं, घर रिकामं असेल तर दारावर खडूने फुली मारायची. पावसात फुली धुऊन जाते. मग दुसरा येतो, तेच दार पुन्हा ठोकतो. गेल्या वेळी त्या चौघांतल्या आमच्या वेल्डरने एका रिकाम्या घराला तीन वेळा हाका मारल्या आणि घसा बसवून घेतला.

शाळेचे जुने पिवळे पडदे पडून होते. ते शिंप्याकडे नेले, त्याने हातभर लांबीचे साठ तुकडे करून दिले. घरटी एक. घर सोडताना ज्याने त्याने आपल्या दाराच्या बाहेरच्या कडीला कापड बांधायचं. कुलूप लावायचं नाही, कारण वेळ आली तर फोडायला कोण बसणार? कापड दिसलं की स्वयंसेवकाने पुढे जायचं. बस्स.

शिंपी खालच्या गल्लीतच राहतो, एकटा. तो म्हणाला, “म्हणजे कापड असलं की कोणी दार वाजवणार नाही?”

“नाही.”

“हाका पण नाही?”

“नाही हो.”

“फार चांगली योजना आहे बाई,” तो म्हणाला. मनापासून म्हणाला. असे लोक असले की काम करायला हुरूप येतो.

२९ सप्टेंबर

दुसऱ्या वादळाचा इशारा. तीन आठवडेही झाले नाहीत. सकाळी प्रार्थनेला उभी होते आणि वाटलं, इथेच खाली बसावं.

ताईकडे जाऊन आले. तिला म्हटलं, भोंग्याची वाट बघू नका, उद्याच या. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “या खेपेला आम्ही टेकडीवरच्या गोदामात जातो. यांच्या खुर्चीला तो रस्ता सोपा पडतो.”

गोदामाचा निवारा पोस्टमास्तर बघतात, माणूस नेटका आहे. मी म्हटलं, बरं. खरं लिहायचं तर मला हायसं वाटलं. तिसरीच्या वर्गाची काळजी संपली. आई गेल्यावर ज्या बहिणीने मला न्हाऊमाखू घातलं, वेण्या घालून शाळेत पोचवलं, ती माझ्याकडे येणार नाही म्हणून मला हायसं वाटलं. हे दुसऱ्या कुठल्या वहीत लिहिता येणार नाही.

१ ऑक्टोबर

वादळ आलं आणि गेलं. खालची गल्ली चाळीस मिनिटांत रिकामी! गेल्या वेळी साडेतीन तास लागले होते. साठातल्या अठ्ठावन्न दारांना कापड. वेल्डर म्हणाला, “बाई, एकदाही ओरडावं लागलं नाही.” शिंप्याचं कापड सगळ्यात आधी बांधलेलं होतं, छान फुलासारखी गाठ मारून. बाकी लोकांना मी त्याचं उदाहरण दिलं.

शाळेत या वेळी एकशे एकतीसच माणसं. गोदामात गर्दी झाली असेल, काही नातेवाइकांकडे गेले असतील. आमची यादी आम्ही साहेबांकडे पाठवतो, गोदामाची पोस्टमास्तर पाठवतात. साहेब जुळवतीलच. मला मात्र एवढ्या दिवसांत पहिल्यांदा सलग चार तास झोप मिळाली.

साहेबांचा निरोप आला: उत्तम.

५ ऑक्टोबर

ताईकडे गेले. घरात गुडघ्याएवढं पाणी येऊन गेलेलं दिसत होतं, भिंतीवर चिखलाची रेघ होती. भाऊजींची कॉट चार-चार विटांवर चढवलेली. मी म्हटलं, बरं सुचलं तुला जाण्याआधी. ती “हं” म्हणाली. कॉटच्या उशाशी खिडकीत मेणबत्त्यांची थोटकं होती, सात-आठ. वीज अजून नीट येत नाही म्हणे तिकडे. तक्रार केली पाहिजे.

ताईला खोकला झालाय. पायाची बोटं पांढरी पडून सोललीत. चिखलात काम केलं असेल. मलम देऊन आले.

भाऊजींनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. ते कधी असं करत नाहीत. धरून ठेवलं ते सोडेचनात, माझ्याकडे बघत राहिले. मला अकराला बैठक होती. शेवटी ताईने एकेक बोट उचलून सोडवलं. बिचाऱ्यांना माणसांची सवय राहिलेली नाही.

१८ ऑक्टोबर

आज वर्गात मुलांना ‘माझे घर’ यावर दहा ओळी लिहायला दिल्या. एकीने लिहिलंय: ‘माझ्या घरात दोन खोल्या आहेत. एक खोली शाळेत आहे.’ शुद्धलेखन तपासून परत दिलं.

सगळे थकलेत. शिंपी पडदा शिवून द्यायला आला होता. म्हणाला, “बाई, वादळाची भीती आता नाही वाटत. गाठोडं बांधायचाच कंटाळा येतो. आणि तिथे रांगेत उभं राहून आपलं नाव सांगायचं, वय सांगायचं, आजार सांगायचे.” मी म्हटलं, अहो पण तुम्ही तर सगळ्यांच्या आधी कापड बांधता. तो हसला. विनयी माणूस आहे.

२ नोव्हेंबर

तिसरं येतंय. या वेळी साहेबांचा आवाजच वेगळा होता. पोटतिडकीने बोलत होते. वादळाचा डोळा आमच्या डोक्यावरून जाणार आहे. आधी एका दिशेने वारा, मग अर्धा-पाऊण तास सगळं शांत, मग उलट्या दिशेने दुप्पट वारा आणि त्याच्याबरोबर खाडीचं पाणी. मधल्या शांततेत कोणालाही बाहेर सोडायचं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मामा बाक उचलून भिंतीला लावताहेत. साठीला आलेत, मी त्यांना बस म्हणत नाही आणि ते मला बस म्हणत नाहीत. आमचं असं चाललंय.

३ नोव्हेंबर

दुपारी भोंगा. साठच्या साठ दारांना कापड. ताईच्या दाराचं मी स्वतः बघितलं, येताना वाट वाकडी करून. दार लोटलेलं, गाठ घट्ट. अहवालात लिहिलं: खालची गल्ली पूर्ण रिकामी.

शाळेत एकशे बारा.

४ नोव्हेंबर

संध्याकाळचे साडेपाच. ऑफिसात बसून लिहिते आहे. वारा उतरतोय. अक्षर आज मुख्याध्यापिकेला शोभणारं नाही.

सकाळी नऊला जोर धरला. दहाला भाऊजींच्या गोळीची वेळ असते आणि गडबडीत ताई ती विसरते, म्हणून मी वॉकीटॉकीवर पोस्टमास्तरांना म्हटलं, तेवढी माझ्या बहिणीला आठवण करा.

“कोण बहीण?” ते म्हणाले.

“चाकांची खुर्ची आहे ना, त्या पेशंटची बायको.”

“बाई, चाकांची खुर्ची इथे नाही आली.”

“मागच्या खेपेला होती ना? एक ऑक्टोबरला?”

“मागच्या खेपेलाही नाही. मी समजत होतो तुमच्याकडे आहेत.”

विटा आठवल्या. मेणबत्त्या आठवल्या, ताईच्या पायाची बोटं, माझं मनगट. सगळं माझ्या डोळ्यांदेखत होतं आणि मी मलम देऊन आले होते. बाहेर पत्रे कागदासारखे उडत होते. एक तास चाळीस मिनिटं मी ऑफिसच्या दाराला पाठ लावून उभी राहिले. दुसरं काही करता येत नव्हतं.

अकरा चाळीसला वारा एकदम बंद झाला. ऊन पडलं. चक्क ऊन. लोक खिडक्यांशी आले. मी मामांना म्हटलं, फाटक उघडा. ते म्हणाले, “साहेब नको म्हणालेत.” मी म्हटलं, “माझी ताई घरात आहे.” तिसरीच्या वर्गातला लाकडी फळा मामांनी खिळ्यावरून उतरवला आणि वेल्डरला हाक मारली. तिघं निघालो.

गल्लीत मांडीपर्यंत पाणी होतं आणि कसलाही आवाज नव्हता. कडीकडीला पिवळं कापड. ताईचं दार आतून बंद. मी दोन्ही हातांनी ठोकलं.

दार उघडून ताई बघतच राहिली. कमरेला साडी खोचलेली, ओठ निळे पडलेले. कॉटवर टेबल, टेबलावर गादी, गादीवर भाऊजी, छताला हात लागेल इतके उंच. ती म्हणाली, “कापड होतं ना दाराला? मग तू कशी आलीस?”

“चल लवकर. अर्धा तास आहे.”

“मी नाही येत.”

“ताई, दुसरा वारा येतोय. पाण्यासकट.”

“तू जा. यांना मी त्या वर्गात पुन्हा नाही झोपवणार.” ओरडली नाही ती. दमलेल्या आवाजात बोलत होती, तेच जास्त लागलं. “चाळीस माणसं नाक धरून उभी होती, धाकटे. आणि तू दारात फिनेलची बाटली घेऊन. पेशंट म्हणालीस यांना. तुझ्या लग्नात ज्यांनी आपल्या खांद्यावरून तुझं सामान नेलं त्यांना पेशंट म्हणालीस. त्यानंतर हे दोन दिवस जेवले नाहीत. डाव्या हाताने ताट सरकवत होते.”

शांततेतली बारा मिनिटं गेली होती.

“ऑफिस उघडते,” मी म्हटलं. “दार आहे. कडी आहे.”

“आणि तुझी रजिस्टरं?”

“भिजू देत.”

तिने माझ्याकडे बघितलं, लहानपणी मी खोटं बोलते का ते बघायची तसं. मग वळली आणि ट्रंकेतून भाऊजींचा धुतलेला सदरा काढला. “थांबा, सदरा बदलते आधी.” मला किंचाळावंसं वाटत होतं. पण मी बाही धरली. एकेक बटण लावून झाल्यावर आम्ही त्यांना फळ्यावर घेतलं. चार कोपरे: मामा, वेल्डर, ताई, मी.

बाहेर आलो तर मामा थांबले. शेजारच्या दाराकडे बघत म्हणाले, “बाई, ताईंनी केलं, तर…”

मला कळलं, ताई एकटीच नसणार. मी ओरडले. एकतीस वर्षं वर्गात ओरडलेय, तो सगळा आवाज तिथे काढला. “कापड असू दे! दार उघडा! आत कोण आहे, बाहेर या!”

आधी काहीच नाही. मग समोरचं दार किलकिलं झालं. मग त्याच्या पलीकडचं. पिवळं कापड लावलेली दारं एकामागून एक उघडायला लागली. म्हातारे, बाळंतीण, एक बाई दोन बकऱ्यांसकट, एका घरात सगळं कुटुंब माळ्यावर. सगळे माझ्याकडे न बघता पाण्यात उतरत होते, गृहपाठ न केलेल्या पोरांसारखे. शिंपी शेवटी आला, छातीशी शिलाई मशीनचं मुंडकं धरून.

“तुम्हीसुद्धा?” मी म्हटलं.

“कापड बांधलं की कोणी त्रास देत नव्हतं बाई,” तो म्हणाला. “तुम्हीच तर म्हणाला होतात.” मशीन त्याने फळ्यावर भाऊजींच्या पायाशी ठेवलं आणि ताईचा कोपरा स्वतः घेतला.

कोपऱ्यावरचं एक दार काही उघडलं नाही. वेल्डरने पळत जाऊन लाथा मारल्या, मी हाका मारल्या, पण आकाश पश्चिमेकडून काळं होत होतं. ते दार तसंच सोडून आलो.

फाटकात मामांनी मोजली. एकोणतीस माणसं. काल मी ज्या गल्लीला पूर्ण रिकामी लिहिलं होतं तिच्यातली एकोणतीस.

बारा पंचवीसला दुसरा वारा आला. त्याबद्दल लिहिण्याची ताकद नाही. ऑफिसचं दार मी लावलं, कडी घातली. वाटेत भाऊजींना आवरलं नव्हतं. ताईने सदऱ्याकडे हात नेला तर मी म्हटलं, तू बस, तुझे पाय बघ. तिने थोडा वेळ ऐकलं नाही, मग बसली. रजिस्टरांच्या कपाटाला टेकून. बादली होती, टॉवेल होता. मी कधी केलं नव्हतं हे कोणाचं. भाऊजी आधी भिंतीकडे तोंड करून होते. झाल्यावर तोंड इकडे केलं. बाहेर छप्पर उडत होतं आणि मला तेवढंच दिसत होतं.

कोपऱ्यावरचं घर डोक्यातून जात नाही.

६ नोव्हेंबर

पाणी उतरलं. खालच्या गल्लीतली बावीस घरं उभी नाहीत. ताईची मागची भिंत गेली, कॉट खाडीत सापडली. शिंप्याचं घर जिथे होतं तिथे नुसता उंबरठा आहे, आणि उंबरठ्याशी पडलेल्या दाराच्या कडीला कापड. गाठ सुटलेली नाही.

कोपऱ्यावरचं घरही गेलं. तिथे मी दगड उचलत होते. मामा नको नको म्हणत होते. एवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, “काय शोधताय बाई?” त्या घरातला माणूस, बायको, सासू, सगळे. टेकडीवरून उतरत होते.

“तुम्ही कुठे होता?”

“गोदामात. कापड बांधलं होतं ना आम्ही.” त्याला रागच आला होता. “दिसलं नाही का?”

मी खाली चिखलात बसले. हसत होते की रडत होते ते मामांना विचारायला पाहिजे.

१४ नोव्हेंबर

शाळा अजून शाळा झालेली नाही. ताई आणि भाऊजी ऑफिसात, मी व्हरांड्यात टेबल टाकून. रजिस्टरांच्या खालच्या दोन रांगा भिजल्या. पानं वेगळी करून वाळत घालायचं काम ताईने आपणहून घेतलंय. मधूनच मोठ्याने नावं वाचते आणि भाऊजींना विचारते, हा तो तुमचा मित्र ना? ते मान हलवतात. माझ्याशी ती अजून कामापुरतंच बोलते. परवा मात्र म्हणाली, “पायाला तेल लाव जरा, हत्तीचे झालेत.”

तिसरीच्या वर्गात शिंपी मशीन मांडून बसलाय. चादरींचे चार आडोसे शिवतोय, तारेवर सरकणारे. मोजमाप तोच सांगतो, मी ऐकते.

आज साहेबांचं पत्र आलं. माझा एक ऑक्टोबरचा अहवाल त्यांना फार आवडला होता. चाळीस मिनिटांत गल्ली रिकामी करणारी कापडाची पद्धत किनाऱ्यावरच्या सगळ्या निवाऱ्यांना लागू करायची आहे. नमुन्यासाठी एक कापड ताबडतोब पाठवावं. चार तारखेचा अहवाल अजून त्यांच्या टेबलापर्यंत पोचला नसावा.

नमुना शोधायला ऑफिसात गेले. गल्लीतून गोळा करून आणलेली कापडं मी कोपऱ्यात टाकली होती, ती तिथे नव्हती. ताईने उकळून, धुऊन, मागच्या दोरीवर घातली होती. चाळीस-एक असतील.

“मऊ आहेत चांगली,” ती म्हणाली. “यांच्या खाली घालायला लागतातच. का, हवी होती तुला?”

मी नाही म्हटलं. साहेबांना लिहिलं: नमुना उपलब्ध नाही, सर्व कापडं वापरात आहेत. कृपया आधी प्रत्येक निवाऱ्यात आतून कडी लागणारी एक खोली बघावी. मग दोरीवरची वाळलेली काढली आणि ताईबरोबर घड्या घालत बसले.